क्लॅरीची खुर्ची

१

"मेरेआना, माझ्या घराची किल्ली दे," नोएलीन म्हणाली, आणि माझ्या दुकानातली सगळी बडबड एकदम थांबली.

लेबर डेच्या जोडसुट्टीतला रविवार होता. पुढे समुद्र, मागे बर्फाचे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची टोरेआ खाडी. या सुट्टीत इथली सगळी भाड्याची घरं भरतात आणि सगळ्या पाहुण्यांना पाव, दूध, पेट्रोल आणि गळाचं आमिष एकाच वेळी हवं असतं. ते विकणारा मी एकटा, मर्व्ह पिचर. म्हणजे त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नोएलीनचं वाक्य ऐकलं नाही असं कुणी उरलं नव्हतं.

नोएलीन गॅरिटी नवरा गेल्यापासून ब्लेनहाइमला लेकीकडे राहते. इथलं घर ती पाहुण्यांना देते. ही सुट्टी मात्र स्वतःसाठी ठेवते. मेरेआना तिचं घर साफ करते. तिचंच नाही, खाडीतली जवळजवळ सगळी भाड्याची घरं तीच सांभाळते. सगळ्या किल्ल्या एका कडीत अडकवून कमरेला लावलेल्या असतात. ती चालत आली की आधी किल्ल्या ऐकू येतात, मग मेरेआना दिसते.

"काय झालं, नोएलीन आँटी?" तिने विचारलं.

"क्लॅरीची खुर्ची गेली. बैठकीच्या खोलीतून. पाहुणे काल सकाळी गेले, ते म्हणतात खुर्ची जागेवर ठेवली. कुलूप शाबूत, खिडक्या बंद. त्यांच्यानंतर आत गेलीस ती तू. मग खुर्चीला काय पाय फुटले?"

"मी गेले तेव्हा ती नव्हतीच. मला वाटलं, तुम्हीच लेकीकडे नेलीत."

"आणि काल संध्याकाळी रेक्स टलीची गाडी तुझ्या दारात कशाला उभी होती?"

रेक्स टली म्हणजे जुन्या सामानाचा व्यापारी. त्या खुर्चीवर त्याचा किती दिवसांचा डोळा होता, हे गावाला ठाऊक होतं. मेरेआनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने कडीतून एक किल्ली काढली आणि माझ्या गल्ल्यासमोर ठेवली.

मला फार वाईट वाटलं. रांगेत आणखी दोन घरमालक उभे होते आणि दोघांची नजर त्या कडीवर होती. एक किल्ली गेली की बाकीच्यांना जायला वेळ लागत नाही. मग मेरेआनाने काय करायचं? दोन मुलींना घेऊन शहरात जायचं आणि तिथे 'टोरेआतली चोर' म्हणून काम मागायचं?

"उद्या संध्याकाळी हॉलमध्ये घरमालकांची सभा आहे. सगळं तिथेच सांगते," नोएलीन म्हणाली.

"सांग ना. पण उद्या संध्याकाळी. आत्ता नाही."

हा आवाज खिडकीजवळच्या टेबलावरून आला. तिथे माझी थोरली बहीण ऑड्री चीज स्कोन, म्हणजे चीज घातलेला छोटा पाव, खात बसली होती. तिने तीस वर्षं विमा कंपनीत जळालेल्या गंज्या आणि 'चोरीला गेलेल्या' बोटी तपासल्या आहेत. निवृत्त होऊन ती माझ्या दुकानावरच्या खोलीत राहायला आली आणि तेव्हापासून माझ्या दुकानात स्कोन शिल्लक राहत नाहीत.

"तुझ्या घरातला टीव्ही आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"चांदीचे चमचे?"

"आहेत. एक चहाचा कप तेवढा कमी आहे."

ऑड्रीने खाणं थांबवलं. माझ्या बहिणीने खाणं थांबवलं की प्रकरण साधं नसतं, एवढं मला अनुभवाने कळतं.

२

निघताना दाराशीच मी कशाला तरी अडखळलो. बेव्हन स्टोक्सची घडीची खुर्ची. तिचं कापड फाटलं होतं म्हणून शुक्रवारी तो ती दुरुस्तीला माझ्या गळ्यात मारून गेला होता आणि मी अजून तिला हात लावला नव्हता.

"जरा बघून चाल, म्हातारा झालास," ऑड्री म्हणाली.

"तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहेस."

"म्हणून तर सांगते."

आम्ही नोएलीनच्या घराकडे निघालो. जोडसुट्टीत आमच्याकडे लोक घरं आवरतात, त्यामुळे प्रत्येक फाटकाबाहेर काही ना काही मांडलेलं होतं: एक बाबागाडी, लिंबांची टोपली, गवत कापायचं बंद पडलेलं यंत्र. फाटकाबाहेर ठेवलं ते गावाचं, ज्याला हवं त्याने न्यावं, विचारायचं नाही आणि आभारही मानायचे नाहीत, अशी इथली रीत आहे. मी एक दिवा उचलला.

"तुझ्याकडे असे चार दिवे आहेत आणि एकही लागत नाही," ऑड्री म्हणाली.

नोएलीनने आम्हाला बैठकीची खोली दाखवली. समुद्राकडच्या मोठ्या खिडकीशी चटईवर चार पायांच्या खुणा होत्या. खाडीचा जुना धक्का वादळात मोडला तेव्हा त्याच्या लाकडातून क्लॅरीने ती खुर्ची बनवली होती. तो शेवटच्या आजारात रोज तिच्यात बसायचा.

"सोफ्याला हात लावलेला नाही, कपाट उघडलेलं नाही. फक्त तीच गेली," नोएलीन म्हणाली. तिच्या आवाजात राग होताच, पण मला वाटतं, त्याहून जास्त ती घाबरली होती. क्लॅरीचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

मी माझं मत दिलं. "बेव्हन स्टोक्स! तुमचा शेजारी. क्लॅरीशी त्याचं वाकडं होतं."

वाकडं होतं ते कुंपणावरून. बेव्हनने हद्दीवर मॅक्रोकार्पाची उंच, दाट झाडं लावली, ती वाढून भिंत झाली आणि क्लॅरीच्या घरातले डोंगर गेले. कुठल्याही खिडकीतून, ओट्यावरून, न्हाणीघरातूनसुद्धा आता डोंगर दिसत नाहीत, फक्त हिरवा अंधार. दोघे जिवाभावाचे मित्र होते; त्या झाडांवरून बोलणं बंद झालं ते क्लॅरी मरेपर्यंत.

"बेव्हन इथे नाहीच. काल सकाळीच नदीच्या मुखाशी मासे धरायला गेलाय, हंगाम संपेपर्यंत तिथल्या झोपडीतच राहील," नोएलीन म्हणाली. "आणि त्याच्याकडे किल्ली कुठून येणार?"

ऑड्रीने पाहुण्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. क्राइस्टचर्चचे हेमिश लॉकियर, बायको आणि सासू असे तिघे होते.

"छे हो, खुर्ची जागेवरच होती," हेमिश म्हणाला. "मी स्वतः रोज नीट जागेवर ठेवायचो. फारच छान खुर्ची. सासूबाईंना तर इतकी आवडली! रोज सकाळी तिच्यात बसून डोंगरावरचं बर्फ बघत चहा प्यायच्या. घर सोडताना सगळं तपासलं मी. दार लावलं, किल्ली दाराशेजारच्या किल्लीपेटीत टाकली. आम्ही तसली माणसं नाही."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "माणूस सरळ वाटतो."

"वाटतो," ऑड्री म्हणाली. "सरळ माणसंच पंचाईत करतात. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण काय केलं ते आठवत असतं."

३

मेरेआना स्वतःच्या घरामागे दोरीवर चादरी वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने चिमटे तोंडात धरले, म्हणजे बोलावं लागू नये.

"शनिवारी तू कुठून आत गेलीस?" ऑड्रीने विचारलं.

चिमटे निघाले. "मागच्या दाराने. नेहमीसारखी. गाडी समुद्राकडे लावते, दोरी तिकडेच आहे. ओल्या चादरींचं ओझं घेऊन फाटकापर्यंत कोण फेरा घालणार?"

"म्हणजे पुढच्या रस्त्याला तू गेलीच नाहीस?"

"नाही. का?"

"आणि रेक्स?"

पुन्हा चिमटे तोंडात.

"मेरेआना, तोंड उघडलं नाहीस तर उद्या कमरेची कडी रिकामी होईल गं," मी कळवळून म्हणालो.

"होऊ दे!" ती उसळली. "बारा वर्षं त्यांची घरं झाडते मी. क्लॅरी अंकल गेले तेव्हा तीन रात्री आँटींजवळ झोपले. एवढं करून खुलासे मीच द्यायचे असतील तर नको मला ती किल्ली."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून ती चादरीआड गेली. ऑड्री म्हणाली, "खुलासा नको. चहा तरी देशील?" चहा मिळाला नाही.

परत आलो तर माझ्या पेट्रोलपंपावर रेक्स टलीचीच गाडी उभी होती. रेक्स पैसे द्यायला आत गेला होता. मी सहज, म्हणजे अगदीच सहज नव्हे, मागच्या काचेतून डोकावलो. आत घोंगडीखाली काहीतरी झाकलं होतं आणि घोंगडीच्या कडेखालून लाकडाचे चार पाय बाहेर आले होते.

"ऑड्री!" मी ओरडलो. "सापडला!"

४

रेक्स बाहेर येईपर्यंत मी मागचं दार उघडून घोंगडी ओढली होती. खाली खुर्चीच होती. फक्त तिच्या बैठकीत मधोमध गोल भोक होतं आणि खाली एनॅमलचं भांडं.

"माझ्या आईसाठी नेतोय," रेक्स थंडपणे म्हणाला. "तुला हवी असेल तर सांग, मर्व्ह. तुझंही वय झालंच की."

पंपावरचे सगळे हसले. ऑड्री सगळ्यात जास्त.

"मेरेआनाकडे कशाला गेला होतास?" हसू आवरून तिने विचारलं.

आता लाल व्हायची पाळी रेक्सची होती. हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, घासाघीस करण्यात नाव काढलेला माणूस बूट जमिनीवर घासू लागला. "शिंपले दिले. बादलीभर. ती म्हणाली, आत ये. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी येतो. मुलींना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही बोलू नका."

म्हणजे मेरेआनाचं लाल होणं याचसाठी होतं. मी बोलणार नाही असं वचन दिलं. इथे लिहितोय, पण आता सगळ्यांना माहीतच आहे.

"रेक्स, तू काल नोएलीनच्या फाटकावरून गेलास?" ऑड्रीने विचारलं.

"गेलो की. दुपारी. जोडसुट्टीत मी प्रत्येक फाटक बघत जातो, धंदाच आहे माझा. तिच्या फाटकाशी काही नव्हतं. अहो, ती खुर्ची बाहेर असती तर तुमच्या आधी मला दिसली असती आणि आज ती वेलिंग्टनच्या बोटीवर असती."

"मी कुठे म्हटलं ती बाहेर होती?" ऑड्री म्हणाली.

"मग फाटकाचं कशाला विचारलंत?"

ऑड्रीने मला बाहीला धरून पुन्हा नोएलीनच्या फाटकापर्यंत चालवत नेलं आणि बाहेर रस्त्याच्या कडेला उभं केलं.

"काय दिसतं?"

मी मान वर केली. कुंपण इथे संपत होतं. त्याच्या पलीकडे सगळी रांग उघडी पडली होती, पायथ्यापासून शिखरापर्यंत, उन्हात पांढरीशुभ्र. "डोंगर," मी म्हणालो. "बर्फ." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अरे! घरातून बर्फ दिसतच नाही!"

"आली गाडी रुळावर. घरातून दिसत नाही, ओट्यावरून दिसत नाही. मग म्हातारी रोज खुर्चीत बसून बर्फ कुठून बघत होती?"

टपालपेटीच्या शेजारी गवतात चार खोल खळगे होते. ऑड्रीने पेटीचं झाकण उघडलं. आत नोएलीनचा निळ्या काठाचा कप होता, तळाशी चहा सुकलेला.

५

या वेळी ऑड्रीने फोनवर जावयाला बाजूला केलं. "सासूबाईंना द्या."

मिसेस व्हॅन डालेन यांचा आवाज खणखणीत होता. "खुर्ची? हो, शेवटच्या दिवशीसुद्धा फाटकाबाहेर बसले होते मी. गाडी निघाली, तशी उठून थेट गाडीत बसले. कप सांडू नये म्हणून पेटीत ठेवला. खुर्ची हेमिश आत ठेवायचा ना रोज! त्या दिवशीही ठेवली असेलच."

मागून हेमिशचा घुसमटलेला आवाज आला, "आई, मला वाटलं, हिने ठेवली." आणि त्याच्याही मागून बायकोचा, "मी? मी बॅगा भरत होते!"

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ऑड्रीने विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही," म्हातारी म्हणाली.

फोन ठेवून ऑड्री माझ्याकडे वळली. "कुणी खोटं बोललेलं नाही. हेमिश रोज खुर्ची आत ठेवायचा, म्हणून त्या दिवशीही ठेवली असं त्याला वाटलं. मेरेआना मागून आली, तिला फाटक दिसलं नाही. आणि खुर्ची फाटकाबाहेर, जोडसुट्टीत. इथल्या माणसाला त्याचा एकच अर्थ लागतो."

"न्या!" मी म्हणालो. "पण मग ज्याने नेली तो बोलत का नाही? सगळं गाव ओरडतंय चोरी चोरी म्हणून."

"कारण त्याने ते ओरडणं ऐकलेलं नाही. हा रस्ता पुढे कुठे जातो?"

"कुठेच नाही. नदीच्या मुखाशी संपतो."

"काल सकाळी, रेक्सच्या आधी, तिकडे कोण गेलं? फोन न चालणाऱ्या जागी, दिवसभर पाण्याकाठी बसायला, आणि बसायची खुर्ची तुझ्या दारात फाटकी टाकून?"

त्या घडीच्या खुर्चीवर आपटलेला माझा गुडघा अजून दुखत होता. बेव्हनचं नाव मी सगळ्यांत आधी घेतलं होतं, हे मी ऑड्रीला लगेच सांगितलं. ती म्हणाली, बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

६

सोमवारी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही नोएलीनला घेऊन नदीवर गेलो. वसंतात तिथे काडीएवढे पारदर्शक मासे समुद्रातून वर चढतात आणि त्यासाठी आमची अर्धी पुरुषमंडळी बायकामुलं विसरते. मुखाशी, लांब दांड्याचं जाळं पाण्यात सोडून, बेव्हन बसला होता. क्लॅरीच्या खुर्चीत.

नोएलीन वाळूतून तरातरा गेली. "चोर कुठला!"

बेव्हनने वळून पाहिलं. "चोर? फाटकाबाहेर होती. फाटकाबाहेरचं गावाचं."

"पाहुणे विसरून गेले होते!"

"मला काय माहीत?" तो उठला नाही. जाळ्याकडे बघत बोलला. "मला वाटलं, तू टाकलीस. शहरात गेलीस, घर परक्यांना दिलंस, आता त्याची खुर्चीही नको झाली. मी गाडी थांबवून नुसता बघत बसलो. त्या लाकडातले खिळे मी आणि त्याने मिळून काढले होते. एक अख्खा हिवाळा. मग ते कुंपण आलं मध्ये... आणि मग तो गेलाच. माझ्याकडे त्याचं काहीसुद्धा नव्हतं, नोएलीन. म्हटलं, हिला नको तर मला हवी आहे."

वारा होता, तरी ते वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मी समुद्राकडे बघू लागलो. ऑड्रीसुद्धा.

"ऊठ," नोएलीन म्हणाली.

तो कसाबसा उठला; गुडघे पार गेले आहेत त्याचे. ती खुर्चीत बसली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून बराच वेळ पाणी बघत राहिली. मग उठली.

"बस. मासे पळतील. हंगाम संपला की आणून दे." दोन पावलं गेल्यावर ती थांबली. "आणि फाटकाशी ठेवून पळू नकोस. आत ये. चहा घ्यायला."

गाडीत ती आनंदाने रडली आणि माझ्या रुमालाची वाट लावली. हसत म्हणाली, "सापडली गं, ऑड्री, सापडली!"

"खुर्ची सापडली," ऑड्री म्हणाली. "पण परवा दुकानात तू जे काढून घेतलंस, ते?"

"काल."

"मेरेआनाला परवाच वाटत असेल."

मी गाडी मेरेआनाच्या दारात उभी केली. नोएलीन किल्ली घेऊन एकटी आत गेली आणि किल्ली घेऊन एकटीच बाहेर आली.

"घेत नाही," ती म्हणाली. "म्हणते, जिथे काढून घेतलीत तिथे द्या."

दुपारी दुकान खच्चून भरलं होतं. परत निघालेले पाहुणे, सभेला थांबलेले घरमालक, पंपावर रांग. मेरेआना आली आणि गल्ल्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. रेक्स बाहेर उगाचच टायर तपासत होता.

नोएलीनचा चेहरा बीटासारखा झाला होता. पण ती पुढे झाली. "मेरेआनाने काही घेतलं नव्हतं. खुर्ची पाहुणे बाहेर विसरले आणि बेव्हनने रीतीप्रमाणे नेली. मी न विचारता, चार माणसांत हिच्यावर आळ घेतला. माझं चुकलं."

"मोठ्याने, आँटी," मेरेआना म्हणाली. "पंपावरच्यांना ऐकू आलं नाही."

कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच थांबलं. नोएलीन दाराशी गेली, ओट्यावर उभी राहिली आणि सगळी रांग, दोन ट्रक आणि एका बसभर जर्मन पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "माझं चुकलं! मेरेआना चोर नाही! ती नसती तर क्लॅरी गेला तेव्हाच मी वेडी झाले असते!"

मेरेआनाचे हात आपोआप सुटले. ती बाहेर गेली, नोएलीनच्या मुठीतली किल्ली काढून घेतली आणि कडीत अडकवली.

"पुरे आता, आँटी. घसा बसेल," ती म्हणाली, आणि म्हातारीला दंडाला धरून सावलीत घेऊन आली.